वेगळी चूल

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हटलं की आपल्याला परदेशातलीच नावं आठवतात. पण 'फ्रॅपे' हे वेब फ्रेमवर्क आपल्या मुंबईचं. ऋषभ मेहता यांच्या घरच्या फर्निचरच्या धंद्याला हिशेबाचं, मालसाठ्याचं सॉफ्टवेअर हवं होतं. त्या खटपटीतून हे काम उभं राहिलं आणि २००८ मध्ये कंपनी निघाली.

फ्रेमवर्क म्हणजे घराचं जोतं आणि खांब. लॉगिन, कुणाला काय दिसावं याचे अधिकार, फॉर्म, रिपोर्ट, छपाई हे सगळं त्यात. त्यावर बांधलेलं घर म्हणजे 'ईआरपीनेक्स्ट'. आधी हिशेब, खरेदी-विक्री, स्टॉक. मग पगार आला, दवाखाना आला, शाळा, हॉटेल, शेती, सेवाभावी संस्था... घर भरत गेलं.

आता गंमत बघा. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला दवाखान्याच्या नोंदी कशाला हव्यात? पण कोड एकत्र असला की एक खिळा हलवताना सगळं घर तपासावं लागतं. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. त्याचे नियम सारखे बदलणार, आणि परदेशातल्या वापरणाऱ्याला त्याचं काय?

शेवटी २०२२ च्या चौदाव्या आवृत्तीत वाटणी झाली. पगार आणि कर्मचारी, दवाखाना, शाळा, हॉटेल, शेती, सेवाभावी संस्था, भारतातला जीएसटी, सगळ्यांनी वेगळी चूल मांडली. जोतं मात्र एकच राहिलं. ज्याला जे हवं ते त्याने वेगळं बसवून घ्यावं. एखादा रकाना कमी पडला तर मूळ कोडला हात न लावता स्वतः वाढवायची सोय फ्रॅपेत आहेच.

शेती बाहेर काढली हे वाचून कोल्हापूरकराला खटकणारच. मलाही खटकलं. पण जन्मभर मास्तरकी केल्यामुळे एक ठाऊक आहे. पुस्तकात अमुक धडा घाला म्हणणारे पुष्कळ भेटतात, कोणता गाळायचा हे सांगणारा विरळा. गरज तर प्रत्येक धड्याची सिद्ध करता येते. खरा प्रश्न, तो रोज सांभाळणार कोण?

मुक्तस्रोतात कोड सगळ्यांचा असतो, पण देखभाल करणारे हात मोजकेच. म्हणून शेतीचा विभाग जगायचा तर तो मुंबईच्या माजघरात असून भागणार नाही. शेतीची जाण असलेल्या कुणीतरी ती चूल रोज पेटवली पाहिजे. कोड उघडा आहे, आणि आपल्याकडे इंजिनिअर पोरं काही कमी नाहीत.

असो. तुम्हाला काय वाटतं?