चिखलातला चौदावा

शर्यतीत पहिला कोण आला हे रेषेजवळ उभ्या असलेल्या कुठल्याही पोराला विचारा, तो सांगेल. चौदावा कोण आला हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. त्यातून शर्यत सायकलींची, वाट शेतातली, पाऊस नुकताच पडून गेलेला आणि सगळे त्याच वाटेवर गोल गोल फिरणारे, असं असलं की चौदावा शोधणं म्हणजे पंचनाम्याचंच काम.

या प्रकाराला सायक्लोक्रॉस म्हणतात. अडीच-तीन किलोमीटरची वाट, तिच्यात गवत, वाळू, चढ, पायऱ्या, आडव्या फळ्या. जिथं सायकल चालत नाही तिथं ती खांद्यावर टाकून पळायचं. फ्रेंच सैन्यातल्या दानिएल गुसो या शिपायाच्या पुढाकारानं १९०२ साली फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९५० साली पॅरिसला पहिली जागतिक. ती जिंकली झाँ रोबिकनं, जो १९४७ची टूर द फ्रान्स जिंकून आधीच नावारूपाला आला होता. युरोपातला हा हिवाळी खेळ, पण त्याचा चिखल उस्मानपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला परका वाटत नाही. आमच्याकडे वस्ती संपली की काळी माती सुरू होते. दोन सरी पडल्या की ती चपलेला किलो-किलोनं चिकटते आणि सायकलचं चाक चिमट्यात अडकून फिरायचंच थांबतं. सायक्लोक्रॉसच्या सायकलींना वर्षानुवर्षं वेगळ्या धाटणीचे ब्रेक लावत, ते चाकाभोवती चिखलाला निसटायला जागा राहावी म्हणूनच.

शहरातल्या हौशी सायकलस्वारांनी पावसाळ्यात भरवलेल्या अशाच एका शर्यतीत मी नोंदीच्या टेबलावर होतो. टेबलावरून दिसतं ते सांगतो. पहिल्या फेरीत सगळ्यांचे नंबर लख्ख वाचता येतात. दुसऱ्या फेरीत पाठीवरचा नंबर गेलेला असतो, कारण मागचं चाक नेमकं तिथंच चिखल उडवतं. तिसऱ्या फेरीत जर्सीचा रंग जातो. चौथ्या फेरीत पुढचे मागच्यांना गाठतात आणि मग रेषेवरून जोडीनं जाणाऱ्या दोघांत एक पहिला असतो, एक शेवटून दुसरा. दोघंही सारखेच काळे. सायकल पाहून ओळखावं तर तीही बदललेली असू शकते. या खेळात ठरावीक जागी सायकल बदलायची मुभा असते. बदललेली सायकल तिथला मदतनीस पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन पुढच्या फेरीसाठी तयार ठेवतो.

अशा वेळी जुनी रीत कामाला येते. एकानं रेषेकडे बघत नंबर पुकारायचे, दुसऱ्यानं मान वर न करता लिहायचे, ज्या क्रमानं आले त्या क्रमानं. आघाडीचा पुन्हा दिसला की खाली रेघ मारून नवी फेरी. नंबर वाचता आला नाही तर तिथं आडवी रेघ ओढायची, पण जागा सोडून द्यायची नाही. सगळी मेख या आडव्या रेघेत आहे. समजा तिसऱ्या फेरीत २७, ४१, ९ असा क्रम आहे, पाचवीतही तोच आहे, आणि चौथ्या फेरीत २७, मग आडवी रेघ, मग ९. तर ती रेघ म्हणजे बहुधा ४१च. रेघच नसती तर ४१ नंबरची एक फेरी हवेत गेली असती.

त्या दिवशी ४१ नंबर होता दहावीतल्या एका मुलीचा. पायाला इलेक्ट्रॉनिक चिप बांधलेली होती, ती चौथ्या फेरीत वाजलीच नाही. फलकावर लागलेल्या निकालात ती एक फेरी मागे, शेवटून दुसरी. तिचे वडील टेबलाशी आले आणि आवाज न चढवता म्हणाले, "सर, हिची एक फेरी कुठं गेली?" आयोजकांपैकी एकानं मशीनचा निकाल अंतिम असल्याचं सांगितलं. मुलगी काही बोलली नाही; ती सायकलच्या साखळीतला चिखल काडीनं काढत बसली होती. कागद काढला, आधीच्या-नंतरच्या फेऱ्या लावून पाहिल्या, एकानं मोबाइलवर घेतलेलं चित्रण तपासलं. ४१ चौदावी निघाली. बक्षीस पहिल्या तिघांनाच होतं, तेव्हा चौदाव्या जागेची बाजारात किंमत शून्य. पण पन्नास मिनिटं चिखल तुडवून तिनं घरी न्यायचं काय, तर तेवढा एक आकडाच.

निकाल वेळेवर लावायचा की क्रमावर, हा वाद सायकलीच्या खेळात फार जुना आहे. १९०४ची टूर द फ्रान्स वेळेवर मोजली गेली. रात्री धावायचे टप्पे, अंधार, ठरावीक ठाण्यांवर सह्या. मधल्या वाटेवर कोण काय करतो ते पाहणारं कुणी नाही. कुणी आगगाडीनं गेले, कुणी मोटारीचा आधार घेतला. शर्यत संपल्यावर चार महिन्यांनी पहिल्या चौघांना बाद केलं गेलं आणि पाचवा आलेला एकोणीस वर्षांचा आँरी कोर्ने विजेता ठरला. पुढच्या वर्षी आयोजकांनी घड्याळच बाजूला ठेवलं. १९०५ ते १९१२ या काळात टूरचा निकाल टप्प्यातल्या क्रमांकांच्या गुणांवर लागत असे. ज्याचे गुण कमी तो पुढे. १९१० साली ऑक्ताव्ह लापीझ ६३ गुणांनी जिंकला, फ्राँस्वा फाबेरचे ६७ झाले. गंमत अशी की या लापीझनंच आपल्या विजयाचं श्रेय हिवाळ्यातल्या सायक्लोक्रॉसला दिलं आणि हा खेळ फ्रान्सबाहेर माहीत झाला.

आपल्याकडे हा प्रश्न सायकलीच्या आधीच बैलांनी सोडवलेला आहे, आणि तोही एका पद्धतीनं नव्हे. जुन्नर, आंबेगाव, खेडकडच्या घाटात एका वेळी एकच गाडा पळतो. नाव आधीच पुकारलेलं असतं, त्यामुळे ओळखीचा प्रश्नच येत नाही; उरतात ते सेकंद. तिथं ठरावीक सेकंदांच्या आत आलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात धरतात आणि बक्षीस वाटून देतात. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. हातातल्या घड्याळाला जेवढं कळतं, त्यापेक्षा बारीक निवाडा त्याच्याकडून मागायचाच नाही. दिवसातला सर्वांत वेगवान गाडा 'घाटाचा राजा'. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्यालाही हाच किताब मिळतो. कुणी कुणाकडून घेतला, देव जाणे.

सातारा-सांगलीकडे गाड्या एकदम सुटतात, पण प्रत्येकीची चाकोरी चिठ्ठीनं ठरलेली. कोण कुठल्या चाकोरीत आहे हे माहीत असल्यानं वाद उरतो तो नाकभर अंतराचा. विदर्भ-मराठवाड्यातल्या शंकरपटात धुरकरी आणि त्याची जोडी पुन्हा घड्याळाशी झुंजते. ७ मे २०१४च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ला सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. दरम्यान गावोगावच्या घड्याळवाल्यांच्या हातात कॅमेरे आले होते.

पण या तिन्ही रीती सायक्लोक्रॉसला लागू पडत नाहीत. एकेक सोडावा तर संध्याकाळ होईल, चाकोरी आखावी तर वाट एकच. म्हणून तिथं क्रम आणि फेऱ्या असा दुहेरी हिशेब. त्यात एक नियम मला खटकतो. मोठ्या स्पर्धांत, आघाडीच्याला पहिल्या फेरीला लागलेल्या वेळाच्या ऐंशी टक्क्यांइतका जो मागे पडतो, त्याला बाहेर काढतात आणि उरलेल्या फेऱ्या वजा दाखवून त्याचा क्रम लावतात. आघाडीवाल्याच्या वाटेत कुणी येऊ नये आणि मोजणीचा गोंधळ टळावा म्हणून हे ठीक. हौशी शर्यतीत मात्र मागच्यांना बाहेर काढणं म्हणजे पंचांच्या सोयीसाठी खेळाडूचा दिवस कापणं. ज्या फेरीत पहिला संपतो त्याच फेरीत सगळ्यांना संपवू द्यावं, आणि कोण किती फेऱ्या मागे ते लिहावं.

चिपनं हे सगळं मिटेल असं १९९६ साली बोस्टन मॅरेथॉननं ती वापरली तेव्हा अनेकांना वाटलं. रस्त्यावरच्या शर्यतीत पुष्कळसं मिटलंही. तिथं सायकलस्वारांची चिप सायकलला लावतात. सायक्लोक्रॉसमध्ये सायकलच बदलते, म्हणून ती घोट्याला बांधतात, म्हणजे नेमकी जिथं चिखल सर्वांत जास्त तिथं. स्वस्त चिपा ज्या लहरींवर चालतात त्या लहरी पाणी शोषून घेतं, आणि ओला पाय, ओला मोजा, ओली माती हे सगळं शेवटी पाणीच. जुन्या जाड चिपा कमी वारंवारतेच्या होत्या, त्यांना ओलीचा त्रास कमी. पण त्या महाग.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यासाठी आम्ही ठरवलं ते असं. नंबर पाठीवर एक आणि दोन्ही दंडांवर एकेक, कारण दंडावर चिखल उशिरा पोचतो. पांढऱ्यावर काळे ठळक आकडे. मुलींना शंभरच्या पुढचे नंबर, पन्नाशीपुढच्यांना दोनशेच्या पुढचे, म्हणजे एकच आकडा दिसला तरी निम्मी ओळख पटते. रेषेच्या आधी वीस पावलं एक माणूस, जो दंड पुसायला लावील. टेबलं दोन, एकमेकांपासून लांब, म्हणजे एकाचं बघून दुसरा लिहिणार नाही. आणि लिहायला पेन्सिल, कारण ओल्या कागदावर शाई पसरते.