समेट अधिकाऱ्याची आचारसंहिता कुठे आहे? १९२८ पासून टाळलेला प्रश्न

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपाआधी नोटीस देण्याची सक्ती सार्वजनिक उपयुक्त सेवांपुरती होती. आता ती सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना लागू आहे. नोटीस दिल्यावर १४ दिवस संप नाही. समेटाची कार्यवाही चालू असेपर्यंत संप नाही, आणि ती संपल्यावर आणखी ७ दिवस नाही. म्हणजे कामगाराच्या हातातल्या एकमेव हत्याराची किल्ली आता समेट अधिकाऱ्याच्या टेबलावर आहे.

यावर कामगार संघटना बोलत आहेत आणि ते योग्यच आहे. पण एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने कसे वागावे, हे कायद्यात कुठे लिहिले आहे?

या प्रश्नाचे मूळ शोधायला मुंबईच्या गिरण्यांकडे जावे लागते. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला आणि मागण्या फॉसेट समितीपुढे गेल्या. त्या काळी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्यामुळे सवर्ण कामगारांना विटाळाची भीती. त्या खात्यात पगार जास्त, म्हणून हा विटाळ थेट पोटावर येत होता. बाबासाहेबांनी संपाच्या नेत्यांकडे आग्रह धरला तेव्हा कुठे हा प्रश्न मागण्यांत आला. मालकांनी सांगितले, हा अन्याय असेल तर त्याचे जबाबदार आम्ही नाही. मालक म्हणतो दोष माझा नाही, संघटना अर्ध्या मनाने बोलते. मग दोन पक्षांच्या मधोमध बसणाऱ्याने तिसऱ्या माणसाचे काय करायचे? याचे उत्तर तेव्हा दिले गेले नाही आणि पुढच्या प्रत्येक कायद्याने ते टाळले.

१९३४ मध्ये मुंबई इलाख्यात समेटाचा कायदा झाला. कामगार आयुक्त हेच पदसिद्ध मुख्य समेटक झाले आणि गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी सरकारी कामगार अधिकारी नेमला गेला. कामगाराचे म्हणणे मांडणारा सरकारचा आणि तडजोड घडवणाराही सरकारचाच.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. समेटाची प्रक्रिया पूर्ण होण्याआधी केलेला संप त्यात बेकायदेशीर ठरत होता. बाबासाहेबांनी सप्टेंबरमध्ये विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. संप हा फार तर कराराचा भंग आहे, तो गुन्हा नव्हे, आणि माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे गुलामगिरी, हा त्यांचा मुद्दा होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला. पोलिसांनी गोळीबार केला. विधेयक तरीही कायदा झाले.

बाबासाहेब वाटाघाटींच्या विरोधात होते, असा अर्थ काढणारे इतिहास अर्धाच वाचतात. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद त्यांनी चालवली. १९४३ मध्ये संघटनांना सक्तीने मान्यता देणारे विधेयक मांडले. मुख्य कामगार आयुक्तांची केंद्रीय यंत्रणा १९४५ मध्ये त्यांच्याच काळात उभी राहिली. त्यांचा विरोध टेबलाला नव्हता. कामगाराचे हात बांधून त्याला टेबलावर बसवण्याला होता.

१९४७ च्या कायद्याने काय केले ते बारकाईने पाहू. न्याय्य आणि सलोख्याची तडजोड घडवण्यासाठी समेट अधिकाऱ्याने योग्य वाटेल ते करावे, अशी मोकळीक दिली. त्याच्यासमोर झालेला करार सही न करणाऱ्यांवर आणि उद्या कामाला लागणाऱ्यांवरही बंधनकारक केला. समेटाच्या कार्यवाहीत वकील नेता येत नाही. पण मालकाकडून मालक संघटनेचा मुरलेला पदाधिकारी बसू शकतो. गुप्ततेचे कलम आहे, ते संघटनेच्या आणि धंद्याच्या माहितीसाठी. संघटनेबाहेरच्या एकट्या कामगाराने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीचा त्यात उल्लेख नाही. एवढे अधिकार देऊनही स्वतंत्र आचारसंहिता मात्र दिली नाही. २०२० च्या संहितेने मुदती बदलल्या, ही उणीव तशीच ठेवली.

काही जण म्हणतील, अधिकाऱ्याला सरकारी सेवेचे वर्तणूक नियम आहेतच. आहेत. पण ते नियम नोकर आणि सरकार यांच्या नात्याचे आहेत. समोर बसलेल्या कामगाराशी मध्यस्थाचे नाते काय, हे त्यात सापडत नाही. दुसरा आक्षेप असा की नियम केले तर समेटाची लवचीकता जाईल. अमेरिकेत कामगार मध्यस्थांसाठी १९६४ मध्येच वेगळी आचारसंहिता झाली, तरी तिथली मध्यस्थी बंद पडली नाही. तिथे सर्वच मध्यस्थांसाठी १९९४ मध्ये आदर्श मानके आली आणि २००५ मध्ये ती सुधारलीही गेली. पक्षकाराची पार्श्वभूमी किंवा श्रद्धा पाहून पक्षपात करू नये, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मानके जुनी होतात आणि बदलता येतात, एवढे यातून घ्यावे. आपल्याकडे तर बदलायला जुने मानकही नाही.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. एक, कंपनीशी नातेसंबंध किंवा आर्थिक संबंध असल्यास अधिकाऱ्याने पहिल्याच बैठकीत लेखी जाहीर करावे आणि बाजूला व्हावे. दोन, करारावर सही होण्याआधी तो कामगारांच्या भाषेत वाचून दाखवावा, त्याचा परिणाम ज्यांच्यावर होतो त्या कंत्राटी कामगारांनाही. तीन, कामाच्या वाटपात, बढतीत, पाण्याच्या जागी जातिभेद होत असल्याची तक्रार ‘वैयक्तिक बाब’ म्हणून बाजूला न सारता इतिवृत्तात नोंदवावी. चार, ॲट्रॉसिटीचा गुन्हा हा तडजोडीचा विषय नाही; अशा वेळी समेटासाठी दबाव आणणे हेच गैरवर्तन मानावे. पाच, एकट्या कामगाराच्या माहितीलाही गुप्ततेचे संरक्षण मिळावे.

गटाराच्या तोंडाशी उभा असलेला कंत्राटी सफाई कामगार आणि कंत्राटदार यांच्या मधोमध उभे राहणे म्हणजे तटस्थता नव्हे. दोघे समान पातळीवर नसताना मध्यबिंदू कायम बलवानाच्या बाजूला पडतो. मनमाडला सांगितलेल्या दोन शत्रूंपैकी आपल्या समेटाच्या कायद्याला फार तर एकच दिसतो. दुसराही त्याला दिसावा, यासाठी आपल्या संघटनांनी पुढच्या मागणीपत्रात वेतनाच्या कलमाशेजारी समेट अधिकाऱ्याच्या आचारसंहितेचे कलम लिहिले पाहिजे.

जय भीम!