स्पितीच्या खोऱ्यातील खडीचे सायकलमार्ग

हिमाचल प्रदेशातील स्पिती नदीचे खोरे हे खडीच्या रस्त्यांवर सायकल चालविणाऱ्यांचे जुने आकर्षण आहे. महाराष्ट्रातूनही अनेक सायकलस्वार तेथे जातात. सिंहगड, वरंध किंवा माळशेजचा घाट चढून ते तयारी करतात. ही तयारी पायांसाठी उपयुक्त असली तरी फुप्फुसांसाठी पुरेशी नसते. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. स्पितीचे मुख्य गाव काझा त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर वसले आहे. म्हणूनच या सफरीत किती वेगाने जायचे यापेक्षा कोणत्या बाजूने शिरायचे, हा निर्णय अधिक महत्त्वाचा ठरतो.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय?

ही सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी, वळलेल्या हँडलची असते. मात्र तिचे टायर साधारणतः ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतात, ब्रेक डिस्कचे असतात आणि तीव्र चढासाठी हलके गिअर दिलेले असतात. डांबरी रस्त्यावर वेग आणि खडीवर पकड, असा तिचा दुहेरी उपयोग आहे. अमेरिकेतील कॅन्सास राज्यात २००६ साली सुरू झालेल्या शर्यतीने हा प्रकार लोकप्रिय केला. २०२२ साली इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. स्पितीसाठी अशीच सायकल हवी असे नाही. रुंद टायरची साधी माउंटन बाइकही तेथे उत्तम चालते.

खोऱ्याची ओळख

कुंझुम पर्वतरांगेत उगम पावणारी स्पिती नदी आग्नेयेकडे वाहत जाऊन किन्नौर जिल्ह्यातील खाब येथे सतलजला मिळते. हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे डोंगर उघडे, माती सैल आणि दरडी नित्याच्या. ग्राम्फू, कुंझुम खिंड, लोसर, काझा, ताबो, सुमदो असा राष्ट्रीय महामार्ग ५०५ खोऱ्यातून जातो. त्याचे रुंदीकरण व डांबरीकरण टप्प्याटप्प्याने होत असल्याने खालच्या भागात खडी कमी होत चालली आहे. खरी खडी आता मुख्यतः ग्राम्फू ते लोसर या पट्ट्यात आणि बाजूच्या खोऱ्यांत उरली आहे.

शिमला की मनाली?

मनालीहून काझा सुमारे २०० किलोमीटर, तर शिमल्याहून सुमारे ४२० किलोमीटर आहे. सुटी मोजकी असल्याने अनेक जण मनालीची जवळची वाट निवडतात, आणि चूक येथेच होते. मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे. तेथून दोन-तीन दिवसांतच सायकलस्वार ४,५०० मीटरहून उंच असलेल्या कुंझुम खिंडीच्या पायथ्याशी पोहोचतो. शरीराला विरळ हवेची सवय होण्यास तेवढा अवधी अपुरा असतो.

शिमल्याची वाट लांब असली तरी दयाळू आहे. नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, पूह, नाको, ताबो असे मुक्काम करीत गेल्यास शरीर हळूहळू तयार होते. नाको सुमारे ३,६०० मीटरवर आहे, तर पुढचे ताबो त्याहून कमी उंचीवर असल्याने झोपेला उसंत मिळते. काझाला पोहोचेपर्यंत आठवडा सरतो. त्यानंतर कुंझुम ओलांडून मनालीकडे उतरावे. वेळ कमी असल्यास रेकाँग पिओपर्यंत बसने जाऊन, तेथे दोन रात्री थांबून सायकल सुरू करावी.

चार प्रमुख मार्ग

ताबो ते काझा (सुमारे ४७ किलोमीटर) : नदीच्या काठाने जाणारा, बहुतांशी डांबरी व तुलनेने सोपा मार्ग. ताबोचा मठ इ.स. ९९६ मधील आहे. वाटेत शिचलिंगहून सुमारे आठ किलोमीटरच्या चढाने धनकरला जाता येते. स्पितीची ही जुनी राजधानी पिन व स्पिती नद्यांच्या संगमावरील कड्यावर वसली आहे.

पिन खोरे : अटारगो येथील पूल ओलांडून मूद या गावापर्यंत सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता जातो. वाहतूक विरळ आणि चढ सौम्य असल्याने खडीचा पहिला सराव येथे करावा. वाटेत कुंग्री मठ लागतो. पुढे पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान आहे. हिमबिबट्या आणि आयबेक्स हे तेथील प्रमुख प्राणी होत.

वरची गावे : काझाहून लांगझा, कोमिक, हिक्किम व परत काझा अशी ४०-४५ किलोमीटरची फेरी होते. कोमिक साडेचार हजार मीटरहून उंच आहे. हिक्किमचे टपाल कार्यालय १९८३ पासून सुरू आहे. लांगझाच्या परिसरात प्राचीन टेथिस समुद्रातील जीवांचे अवशेष सापडतात. ते उचलू नयेत वा विकत घेऊ नयेत. दुसऱ्या दिशेला की मठ व किब्बरमार्गे चिचमच्या पुलापर्यंत जाता येते. २०१७ साली हा पूल खुला होण्यापूर्वी ग्रामस्थ तारेवरील पाळण्यातून खोल घळ ओलांडत असत.

लोसर ते ग्राम्फू : सर्वांत कठीण व सर्वांत सुंदर टप्पा. कुंझुम उतरल्यावर बातल लागते. तेथून चंद्रताल सरोवराचा सुमारे १४ किलोमीटरचा फाटा फुटतो. पुढे चंद्रा नदीच्या काठाने छत्रूपर्यंत मोठमोठे दगड, वाळू आणि नाले यांतूनच वाट काढावी लागते.

नाल्यांचे घड्याळ

हे नाले बर्फ वितळून वाहतात. पहाटे घोट्याएवढे असणारे पाणी दुपारनंतर मांड्यांपर्यंत चढू शकते आणि त्याबरोबर दगडही वाहत येतात. त्यामुळे मोठे नाले सकाळी लवकर ओलांडावेत. उशीर झाल्यास अलीकडेच मुक्काम करावा. ओलांडताना सायकलवरून उतरावे, सामान सोडून वेगळे न्यावे आणि बूट काढू नयेत. जुलै २०२३ मध्ये अवेळी हिमवृष्टी व पाऊस झाल्याने चंद्रतालच्या तंबूंत अडीचशेहून अधिक पर्यटक अनेक दिवस अडकले होते. प्रत्येक आराखड्यात दोन दिवस राखीव ठेवावेत ते याचसाठी.

उंचीचा आजार

साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हा गिर्यारोहण वैद्यकातील मान्य नियम आहे. डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश ही पहिली लक्षणे. ती असताना आणखी वर जाऊ नये. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी रात्र असली तरी रुग्णाला खाली न्यावे. सर्वांत धडधाकट स्वारही यातून सुटत नाही. उलट, वेगाने चढण्याची ताकद असल्याने त्यालाच धोका अधिक संभवतो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

केव्हा आणि कसे जाल?

मे महिन्याच्या सुटीत कुंझुम खिंड बहुधा बर्फाखाली असते. जुलै-ऑगस्टमध्ये शिमला व मनालीकडील वाटांवर दरडी कोसळतात. सप्टेंबरमध्ये नाल्यांचे पाणी उतरते व आकाश स्वच्छ असते. म्हणून तो महिना उत्तम. रेल्वेने चंडीगड किंवा काल्का गाठून शिमल्याला जाता येते. भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही, मात्र ओळखपत्र जवळ ठेवावे. परदेशी पाहुण्यांना किन्नौर-सुमदो पट्ट्यासाठी परवाना आवश्यक आहे.

काझापलीकडे सायकलचे सुटे भाग मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. जादा टायर, दोन ट्यूब, चेनचे दुवे, ब्रेक पॅड, स्पोक आणि गिअर हँगर सोबत असावेत. मोबाइलवर विसंबू नये व रोख रक्कम बाळगावी. घरी परतीची तारीख सांगताना त्यात ते दोन राखीव दिवस मोजूनच सांगावी. म्हणजे छत्रूच्या नाल्याकाठी थांबण्याची वेळ आली, तर थांबणे सोपे जाते.