विस्तवावाचूनचे पक्वान्न

‘पक्वान्न’ या शब्दाची फोड केली तर शिजविलेले अन्न एवढाच त्याचा अर्थ हाती येतो. आणि तरीही वर्षप्रतिपदेच्या पानावर ज्या पक्वान्नाला महाराष्ट्राने मानाची जागा दिली, ते श्रीखंड, दूध एकदा तापवून खाली उतरविले की, पुन्हा म्हणून चुलीचे तोंड पाहत नाही. म्हणूनच काचेच्या पेल्यात तळाशी बिस्किटांचा चुरा, त्यावर साखर घालून फेटलेला चक्का, त्यावर ठेचलेली स्ट्रॉबेरी, आणि पुन्हा त्याच क्रमाने चक्का व फळ असे थर रचून, भट्टीचा वा शेगडीचा आश्रय न घेता घटकाभरात सिद्ध होणारा जो गोड पदार्थ अलीकडे आमच्या घरांतून रुजू झाला आहे, त्याला परदेशचा पाहुणा समजून निराळ्या पंगतीला बसविणे मला न्याय्य वाटत नाही. त्यातला पांढरा थर या भूमीत निदान नऊशे वर्षे नांदतो आहे. आणि तांबडा थरही, त्याचे मूळ कुळ कोठलेही असो, सह्याद्रीच्याच एका पठारावरून खाली उतरून आलेला आहे.

ही गोष्ट मनात ठसली ती वरवे बुद्रुक येथे. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने कात्रजचा घाट ओलांडून खेड-शिवापूर मागे टाकले की शिवगंगेच्या खोऱ्यात हे गाव लागते. ‘बुद्रुक’ हे फारसीतील ‘बुजुर्ग’चे मराठी जिभेवर घडलेले रूप, महसुली दप्तराने एकाच नावाच्या दोन गावांत वडीलपण आणि धाकटेपण ठरवून दिले, त्यात हे वडील आणि वरवे खुर्द हे धाकटे. पश्चिमेकडे राजगडाचा मुलूख, पलीकडे वेल्ह्याचे डोंगर, आणि गावाला लागून अहोरात्र वाहणारा हमरस्ता. या रस्त्याने स्ट्रॉबेरी महाबळेश्वराहून, पाचगणीहून, पसरणीचा घाट उतरून, वाई, खंडाळा, शिरवळ करीत पुण्याकडे जाते. आणि याच रस्त्याने भोर-वेल्ह्याच्या गोठ्यांतले दूधही पुण्याकडेच जाते. दोन्ही जिन्नस वरव्याच्या वेशीवरून वर्षानुवर्षे एकमेकांच्या शेजारून गेले. परंतु गावच्या पानात त्यांची भेट व्हायला फार काळ जावा लागला.

दह्याची बाजू आधी पाहू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात पाणी निथळलेल्या दह्यात साखर घालून केलेल्या शिखरिणीचा समावेश आहे. वैद्यकाच्या परंपरेत तिचीच बहीण ‘रसाला’. तिचे कर्तृत्व भीमसेनाकडे दिलेले असून ती प्रत्यक्ष श्रीकृष्णाने चाखली असे म्हटले आहे. विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राहिलेल्या वीराच्या हाताला हे यश द्यावे, यात आमच्या पूर्वजांची पाककलेविषयीची आदरबुद्धीच दिसते. शिखरिणी हा शब्द झिजून ‘शिकरण’ झाला आणि दुधात केळे कुस्करून केलेल्या घरगुती पदार्थाला चिकटला. मूळ पदार्थ मात्र श्रीखंड या नावाने पुढे गेला. गुजराथी बांधव त्यावर आपला हक्क सांगतात, तो त्यांनी खुशाल सांगावा. चालुक्यांच्या राज्यात आजच्या प्रांतांच्या सीमा नव्हत्या.

या साऱ्या परंपरेचे रहस्य एका फडक्यात बांधलेले आहे. म्हशीचे निरसे दूध तापवून, कोमट करून, विरजण लावावे. सकाळी कवडी पडलेले दही पातळ पंचात ओतून चारी टोके एकत्र करावीत, गाठ मारावी आणि पुरचुंडी खुंटीला टांगून खाली पातेले ठेवावे. प्रथम धार लागते, मग थेंब जलद पडतात, पुढे दोन थेंबांमधले अंतर वाढत जाते. माझी आत्या घड्याळ कधी पाहत नसे. स्वयंपाकघरातून थेंबाचा आवाज येईनासा झाला की ती उठे, पुरचुंडी तळहातावर तोलून पाही आणि बोटाने दाबी. बोटाचा ठसा तसाच राहिला तर चक्का झाला. दह्याच्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी चक्का हाती येतो, म्हणून श्रीखंड हे श्रीमंतीचे अन्न. पेल्यातल्या थरांची सारी भिस्तही याच ठशावर असते. चक्का ओला राहिला तर फळाचा रस त्यात उतरतो, थरांच्या कडा विरघळतात आणि घटकाभरात सगळे एकजीव गुलाबी होऊन बसते. स्ट्रॉबेरीला साखर लागली की ती लगेच पाणी सोडते. यासाठी फळ आयत्या वेळी ठेचावे आणि गोडी चक्क्यातच पुरेशी असू द्यावी.

आता प्रश्न असा, की ज्या मुलखात गोठ्यागोठ्यात म्हशी होत्या तेथे हे पक्वान्न सणापुरतेच का राहिले? उत्तर दुधाच्या नाशवंतपणात आहे. डोंगरमाथ्यावर राहणाऱ्या गवळी-धनगरांना दूध बाजारापर्यंत टिकवून नेणे अशक्य होते. त्यांनी ते विरजावे, घुसळावे, लोणी कढवावे आणि तूप तेवढे विकावे. तूप महिनोन्‌महिने टिके, डोक्यावरून वा बैलावरून उतरून पेठेत जाई आणि त्याच्या मोबदल्यात धान्य व मीठ घरी येई. घरात उरे ते ताक. ज्या दह्यातून लोणी निघायचे, ते फडक्यात टांगून ठेवणे म्हणजे रोख उत्पन्नच खुंटीला टांगण्यासारखे होते. पुढे मोटारी आल्या आणि पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, ज्याला सारा जिल्हा कात्रज डेअरी म्हणून ओळखतो, तो १९६० साली स्थापन झाला. या बदलांनी ओले दूधच विकण्याचा मार्ग खुला केला. आणि मग चक्का घरी टांगण्याऐवजी श्रीखंड डब्यातून शहराकडून गावाकडे येऊ लागले. ही उलटी वाहतूक मला आजही खटकते. दूध पाजणाऱ्या गावाने पक्वान्न विकत आणावे, हा व्यवहार सोयीचा असेल, शोभेचा नाही.

फळाची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. या डोंगरांचे स्वतःचे फळ म्हणजे करवंद. वनस्पतिशास्त्राच्या कसोटीला करवंद हेच खरे मृदुफळ. स्ट्रॉबेरीचा जो तांबडा गर आपण खातो तो फुलाच्या देठाचा फुगलेला शेंडा आहे, आणि तिची खरी फळे म्हणजे अंगावरचे ते बारीक पिवळे दाणे. चैत्र सरता सरता जाळ्या काळ्या होऊ लागतात आणि पानांच्या द्रोणांत ‘डोंगरची काळी मैना’ रस्त्याच्या कडेला येऊन बसते. मग हिचा आणि दह्याचा संबंध का जुळला नाही? चरकाने दुधाशी विरुद्ध ठरविलेल्या आंबट फळांच्या मालिकेत करमर्द म्हणजे करवंद आहे, जांभूळही आहे. त्याच मालिकेत मोच म्हणजे केळेही आहे आणि शिकरण तर घरोघर झाली, तेव्हा केवळ शास्त्राच्या धाकाने लोक थांबले असे मला वाटत नाही. शिवाय दह्याविषयी चरकाचे सांगणे निराळे: ते तूप, साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा यांवाचून खाऊ नये. म्हणजे दह्याबरोबर एक आंबट फळ त्याने स्वतःच सांगितले. खरी अडचण बियांची आणि ओठांना चिकटणाऱ्या चिकाची असावी. करवंदे ठेचून, बिया चाळणीवर अडवून, तो दाट जांभळा गर चक्क्याच्या थरावर घालून मी पाहिला आहे; स्ट्रॉबेरीपेक्षा त्याचा रंग गहिरा आणि आंबटपणा धारदार असतो, आणि रानाचा वास चक्क्याच्या गारव्यात जसा उमटतो तसा द्रोणातही उमटत नाही.

स्ट्रॉबेरीची हकीकत राजकारणातून आलेली आहे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला महाबळेश्वरची हवा मानवली. १८२९ साली सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी तह होऊन ते पठार कंपनी सरकारकडे गेले आणि मोबदल्यात महाराजांना मिळाले खंडाळा गाव, ज्यावरून आज स्ट्रॉबेरीच्या गाड्या धावतात तेच. पठारावर माल्कम पेठ वसली. तेथे आणून ठेवलेल्या चिनी कैद्यांच्या हातून बागाईत वाढली, बटाटा आणि विलायती भाज्या रुजल्या. आणि गोऱ्या साहेबांच्या हौसेने स्ट्रॉबेरीही आली. हे फळ मुळात फार जुने नाही. नसरापूरजवळ नानासाहेब पेशव्यांनी बनेश्वराचे मंदिर बांधविले, त्याच अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील बागांत अमेरिकेच्या दोन रानटी जातींचा, एक चिलीची आणि एक व्हर्जिनियाची, आपोआप संकर होऊन आजची स्ट्रॉबेरी जन्मली. महाबळेश्वरच्या लाल मातीने तिला असे आपलेसे केले की २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि देशातील स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा आज त्याच परिसरातून येतो. पाचगणीत १९५९ साली सुरू झालेल्या मॅप्रोसारख्या उद्योगांनी तिचे मुरंबे आणि सरबते केली. आणि महाबळेश्वरला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना उंच पेल्यातून ‘स्ट्रॉबेरी विथ क्रीम’ खाण्याची सवय लागली. थरांचा पेला मराठी डोळ्यांना परिचित झाला तो बहुधा तेथेच. घरी परतलेल्या गृहिणीने क्रीमच्या जागी चक्का घातला, एवढाच फरक. पण माझ्या मते सारी सुधारणा त्या एवढ्यातच आहे, कारण क्रीम गोडी वाढविते आणि चक्का तिला आंबट आधार देतो.

पाडव्याच्या सुमारास स्ट्रॉबेरीचा हंगाम उताराला लागतो, करवंदे अजून हिरवी असतात आणि हापूस नुकता दिसू लागलेला असतो. अशाच एका पाडव्याच्या आदल्या रात्री वरव्यात आत्याच्या ओट्यावर हंगामाची शेवटची स्ट्रॉबेरी होती, थोडी मऊ पडलेली, काहींच्या हिरव्या टोप्या सुकलेल्या. खुंटीवर पुरचुंडी होती. पहाटे थेंब थांबले तेव्हा तिने चक्का दोन ठिकाणी वाटून घेतला: मोठा भाग वेलदोडा-जायफळाच्या श्रीखंडाला, लहान भाग नातवंडांच्या पेल्यांना. पातेल्यात साठलेले हिरवट, आंबूस पाणी तिने फेकले नाही. पुऱ्यांची कणीक परातीत होतीच, तीत ते हळूहळू ओतीत ती भिजवू लागली.