सावलीतील बाग

मोठ्या वृक्षांखाली, इमारतीच्या उत्तरेला, दोन भिंतींमधील बोळात किंवा मागील चौकात, म्हणजे दिवसाकाठी तीन-चार तासांहून कमी थेट ऊन मिळते अशा जागी केलेली बाग. हिची शोभा मुख्यतः पानांच्या आकारावर, पोतावर आणि रंगछटांवर अवलंबून असते. फुले येतात, पण दुय्यम असतात. पुढील माहिती महाराष्ट्र व गोव्याच्या हवामानाला धरून आहे.

सावलीचे प्रकार : बहावा, शेवगा, नारळ यांच्या पानांतून कवडसे पडतात, ती विरळ सावली. दिवसाचा काही भागच ऊन येते, ती अर्धी सावली. आंबा, फणस, वड यांच्याखाली किंवा उंच भिंतींमध्ये असते, ती दाट सावली. अर्ध्या सावलीत पूर्वेचे कोवळे ऊन बहुतेक रोपांना मानवते. पश्चिमेचे ऊन मात्र एप्रिल-मे महिन्यांत पातळ पाने करपवते.

सावली ऋतूप्रमाणे सरकते. पुण्यात डिसेंबरअखेर भरदुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, त्यामुळे १५ मी. उंच इमारतीची सावली उत्तरेला सुमारे १३ मी. पसरते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तोच सूर्य माध्यान्ही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि हिवाळ्यात गारठलेल्या उत्तरेच्या भिंतीवर ऊन येते. म्हणून जागेची पाहणी डिसेंबर आणि मे अशी दोनदा करावी लागते.

रोपांची निवड : छायाप्रिय वनस्पतींची पाने बहुधा रुंद, पातळ व गडद हिरवी असतात आणि थोड्या प्रकाशातही त्यांचे भागते. चट्टेरीपट्टेरी पानांच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते. अशा जातींना अधिक उजेड लागतो. अंधाऱ्या कोपऱ्यात त्यांची वाढ मंदावते व रंग फिके पडतात.

दाट सावलीत अस्पिडिस्ट्रा, अग्लोनेमा, झेडझेड आणि स्नेक प्लांट तग धरतात. विरळ सावलीत नेचे, हंसराज, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, कॅलेथिया व रॅपिस पाम चांगले वाढतात. अर्ध्या सावलीत अळू, हळद, आले, बेगोनिया, तेरडा, सोनटक्का आणि पेव लावता येतात. सोनटक्क्याची पांढरी, सुवासिक फुले पावसाळ्यात संध्याकाळच्या सुमारास उमलतात व अंधुक जागेतही उठून दिसतात. भुईचाफ्याची फुले उन्हाळ्यात पानांआधी थेट मातीतून वर येतात. पाने मागाहून फुटतात आणि हिवाळ्यात वाळून जातात. मोकळी दिसणारी ती जागा चुकून खणली जाऊ नये म्हणून तेथे दगड ठेवून खूण करतात. मोगरा, गुलाब, शेवंती यांना भरपूर ऊन लागते. सावलीत त्या उंच, लुकड्या होतात व फारशा फुलत नाहीत.

मांडणी : रोपे तीन थरांत लावतात. मागे पेव किंवा पाम, मध्ये नेचे व अग्लोनेमा, पुढे पिंपळी, मंडूकपर्णी किंवा मोंडो ग्रास. एकेक जातीचे सुटे रोप लावण्याऐवजी त्याच जातीची तीन ते पाच रोपे एकत्र लावल्यास रचना विस्कळीत वाटत नाही. मॉन्स्टेराच्या रुंद पानाशेजारी नेच्याचे बारीक पान शोभते. फिकट हिरवी व पांढऱ्या छटांची पाने वाटेच्या कडेला, जेथे थोडा उजेड पोहोचतो तेथे ठेवतात.

थरांच्या या रचनेचा जुना नमुना म्हणजे गोव्यातील कुळागर. सर्वांत वर नारळ व सुपारी, सुपारीच्या खोडावर चढवलेली मिरी किंवा पानवेल, मध्ये जायफळ व केळी, खाली अननस, हळद आणि आले, अशी एकाच जमिनीतून अनेक पिके घेतली जातात. खालच्या थराला लागणारी सावली आणि ओलावा वरच्या झाडांमुळे टिकतो.

माती व पाणी : वृक्षाखालची सावली पुष्कळदा कोरडी असते, कारण हलक्या सरी पानांवरच अडतात आणि वृक्षाची मुळे वरच्या थरातले पाणी शोषतात. तेथे खोल खणल्यास किंवा खोडाभोवती मातीची भर घातल्यास वृक्षाला इजा होते. त्याऐवजी कुंड्या ठेवाव्यात किंवा मुळांमधील फटींत लहान रोपे लावावीत. गळलेला पाचोळा झाडून न टाकता आच्छादन म्हणून पसरावा. इमारतीच्या सावलीत उलट स्थिती असते. तेथे ओल लवकर वाळत नाही व मुळे कुजतात. बांधकामाचा राडारोडा उपसून पालापाचोळ्याचे खत घालावे आणि वरची बोटभर माती सुकल्यावरच पाणी द्यावे.

निगा : पावसाळ्यात गोगलगायींचा उपद्रव वाढतो, रात्री बॅटरीच्या उजेडात त्या वेचून काढतात. पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत साचतो, तो ओल्या फडक्याने पुसून घेतात. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचल्यास डासांची पैदास होते. दाट झालेले गड्डे पावसाळ्याच्या तोंडावर फोडून पुन्हा लावतात.

डिफेनबाखिया, कॅलेडियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा व मनी प्लांट यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते व सूज येते. म्हणून ही रोपे लहान मुले आणि पाळीव जनावरे यांच्या आवाक्याबाहेर लावावीत.