एका पंपात दोन औषधं

आमच्या मामाच्या गावी 'कीटकनाशक' हा शब्द कोणी वापरत नाही. "कांद्याला औषध मारायचंय" असंच म्हणतात. बुरशीसाठीची पावडर हे औषध, किडीसाठीचं लिक्विड हेही औषध आणि ताप आल्यावर डॉक्टर देतो तेही औषधच! गाव चाकणजवळचं. एमआयडीसी अगदी शिवारापर्यंत आली, तरी कांदा-बटाटा काही सुटलेला नाही. आणि हंगामात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "ही पावडर अन् हे लिक्विड एकत्र चालतंय ना?"

हा प्रश्न आला कुठून, याचा मागोवा घेत गेलो तर थेट फ्रान्सला पोचलो.

तिथल्या बोर्डो शहराजवळ मेडॉक नावाचा द्राक्षांचा मुलूख आहे. रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे खाऊन टाकत. म्हणून तिथले शेतकरी मोरचूद आणि चुना कालवून वेलींवर शिंपडत. वेल निळसर, कडवट दिसला की कोण हात लावतोय? त्याच सुमारास अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने फ्रान्सच्या बागा झोडपायला सुरुवात केली होती. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की, आतल्या वेलींची पानं गळालीत, पण रस्त्याकडेच्या निळ्या वेलींची शाबूत आहेत. पुढे प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. हेच आपलं बोर्डो मिश्रण. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला!

मला यात गंमत वाटते ती कृतीची. एक टक्क्याच्या मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत विरघळवायचे (लोखंडी भांडं अजिबात नाही), आणि दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळायचं. मग स्वच्छ विळ्याचं पातं त्यात बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं जळतील, अजून चुना घाला. म्हणजे 'मिसळा, पण आधी तपासा' ही शिस्त पहिल्या मिश्रणाबरोबरच आली होती.

किडीचं औषध त्यात पडायलाही फार वर्षं लागली नाहीत. अमेरिकेत बटाट्यावर करपाही यायचा आणि पानं फस्त करणारे भुंगेरेही. भुंगेऱ्यांसाठी 'पॅरिस ग्रीन' हे आर्सेनिकचं हिरवं विष वापरत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडचे शेतकरी ते बोर्डोमध्येच कालवू लागले. एका फेरीत दोन कामं! शिवाय चुन्यामुळे आर्सेनिकने पानं जळण्याचं प्रमाणही कमी व्हायचं. जोडी जमली. पण पुढे ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं आली तेव्हा हाच चुना आड आला. अल्कधर्मी पाण्यात यांतली बरीचशी औषधं फुटतात, निकामी होतात. थोडक्यात काय, एकाशी जमलं म्हणून दुसऱ्याशी जमेलच असं नाही.

आता आपल्या पिंपरीत येऊ. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि दुसऱ्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आपण सगळे तिला 'एच.ए.' म्हणतो. पण माणसांची औषधं करणाऱ्या याच कारखान्याने पिकांसाठीही काम केलं, हे पिंपरीतच वाढलेल्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं. साठच्या दशकात इथल्या संशोधकांनी ऑरिओफंजिन हे बुरशीवरचं अँटिबायोटिक शोधलं. आणि स्ट्रेप्टोसायक्लिनची छोटी पुडी तर महाराष्ट्रभर गेली. तिच्यात स्ट्रेप्टोमायसिन ९० टक्के, टेट्रासायक्लिन १० टक्के. डाळिंबाच्या तेल्यावर, लिंबाच्या कँकरवर शेतकरी ती कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर पंपात टाकत. म्हणजे ती पुडी मुळातच एक मिश्रण होती, पण मोजून-मापून, प्रयोगशाळेत तपासून केलेलं. दुसरं मिश्रण व्हायचं ते बांधावर, बादलीत, काठीने ढवळून.

(क्षयावरचं औषध झाडांवर मारत राहिलं तर जंतू त्याला सरावतील, ही भीती पुढे वाढली. डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेत या जोडीचा शेतीतला वापर २०२४ पासून पूर्ण थांबवण्याचं म्हटलं होतं.)

कायद्याचंही असंच आहे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन सांडलेलं पीठ खाण्यात येऊन शंभरावर माणसं दगावली. त्यानंतर चौकशी झाली आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. नोंदणी आली, लेबल आलं, लेबलवर विषाची तीव्रता सांगणारा रंग आला: लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. कंपनीने तयारच विकलेल्या मिश्रणाचीही नोंदणी लागते. पण हे सगळं बाटलीपर्यंत. बाटलीचं बूच उघडून बादलीत दोन-तीन औषधं एकत्र झाली, की जो पदार्थ तयार होतो त्याला ना लेबल, ना रंग.

मग शेतकरी मिसळतात कशाला? अडाणी म्हणून? मुळीच नाही. राजगुरुनगरला कांदा-लसणाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनाही पाठ असलेली ही जोडगोळी: फुलकिडे आणि जांभळा करपा. फुलकिडे पात खरवडतात, आणि त्या जखमांतून करप्याला आयती वाट मिळते. दोघे बरोबर येतात, तर दोघांचा बंदोबस्त बरोबर करावासा वाटणारच. त्यात माझे दोन्ही मामेभाऊ चाकणच्या कंपनीत शिफ्टला. रात्रपाळी करून आलेला माणूस पंधरा लिटरचा पंप एकदाच पाठीवर घेणार, दोनदा नाही. थोरला मला म्हणालाच, "दादा, औषधापेक्षा मजुरी महाग पडते." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण या हिशोबात एक खर्च धरलेला नसतो. २०१७ च्या पावसाळ्यात तो यवतमाळने भरला. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, आणि मजूर दिवसच्या दिवस त्या उंच कपाशीत फवारत होते. अनेक ठिकाणी दोन-तीन कीटकनाशकं एकत्र केलेली. शेकडो जण दवाखान्यात गेले, जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं दगावली. त्यांत रोजंदारीवर फवारणारे बरेच, म्हणजे पीक दुसऱ्याचं आणि पंप यांच्या पाठीवर. अशा वेळी डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, "कोणतं औषध होतं?" ऑर्गनोफॉस्फेट असेल तर ॲट्रोपिन देता येतं, पण प्रत्येक विषाला उतारा नसतो. आणि बादलीत काय काय होतं हे आजाऱ्यालाच माहीत नसेल, तर डॉक्टर तरी काय करणार?

म्हणून गावाकडच्या भावंडांसाठी आणि मोशी-निगडीच्या गच्चीत गुलाब लावणाऱ्या मंडळींसाठीही, चार गोष्टी लिहून ठेवतो. दोन्ही लेबलं पूर्ण वाचा. 'मिसळू नये' लिहिलं असेल तर विषय संपला. बोर्डोमध्ये कीटकनाशक नको, गंधक आणि तेल एकत्र नको, एकाच गटातली दोन कीटकनाशकं नकोत. आधी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात थोडं करून अर्धा तास ठेवा. गाठी झाल्या, साका बसला, बरणी गरम लागली तर ते पंपात जाता कामा नये. जमलं, तरी चार झाडांवर मारून दोन-तीन दिवस पानं बघा. क्रम असा: अर्धा पंप पाणी, मग पावडर, मग दाट प्रवाही औषध, मग पाण्यात दुधाळ होणारं, शेवटी स्टिकर. प्रत्येक वेळी ढवळून. दोन औषधं तशीच, पाण्याशिवाय, एकमेकांत कधीही ओतू नका. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे, आणि वाऱ्याकडे पाठ. घरातली पाण्याची बाटली किंवा स्वयंपाकाचं माप यासाठी नको म्हणजे नकोच.

आणि फवारणी संपेपर्यंत रिकामी बाटली, पाकीट फेकू नका. फवारायला दुसऱ्याला लावलं असेल तर काय काय मिसळलंय ते त्याला नावानिशी सांगा, जमलं तर कागदावर लिहून त्याच्या खिशात द्या. याला पैसा लागत नाही आणि शिफ्टही बुडत नाही. असो. यंदा थोरल्याने लेबलांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवलेत. धाकट्याला अजून पटवतोय.