गाणं लक्षात राहिलं, गोष्ट विसरली : 'मुंबईचा जावई'

मंडळी, 'का रे दुरावा' हे गाणं ऐकलं नाही असा माणूस या सभागृहात सापडणं कठीण. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आशाबाईंचा आवाज. पण ते ज्या चित्रपटातलं आहे त्याची गोष्ट विचारली, की बरेच जण छताकडे बघतात.

चित्रपट राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई', साल १९७०. कथा वपु काळ्यांची, आणि वपु पेशाने वास्तुविशारद. घराचं मोजमाप कळणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवा.

नवी सून मुंबईच्या लहानशा जागेत, भरल्या कुटुंबात येते. इथे कुणी खलनायक नाही. अडचण एकच : नवरा-बायकोला दार लावून बसायला खोली नाही. आता गाण्यातला तो 'दुरावा' परत आठवून बघा.

१९७२ साली बासू चटर्जींनी याच गोष्टीवर हिंदीत 'पिया का घर' केला. जया भादुरी आणि अनिल धवन. त्यात शेवटी माहेरचा माणूस मुलीला न्यायला येतो. तेव्हा तिला जागा व्हावी म्हणून घरातली माणसं स्वतः बाहेर पडायला निघतात, आणि ते पाहून ती राहते. सिनेमा संपतो, जागा मात्र तेवढीच राहते.

का राहते? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते हवंच होतं. पण भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणं मालकाला परवडेना. मुलं मोठी झाली, सुना आल्या, खोली तीच. आणि इतकी स्वस्त खोली सोडणार कोण?

पडद्यावर उत्तर मिळालं ते माणसांच्या चांगुलपणाचं. प्रत्यक्षात उत्तर दिलं ते लोकलने. १९५७ साली महापालिकेची हद्द आपल्या दहिसरपर्यंत आली, आणि पुढे गिरगाव-दादरच्या कितीतरी घरांतल्या धाकट्या भावांनी उपनगरात ब्लॉक घेतले. दार लावता आलं. त्याची किंमत म्हणजे रोजचा प्रवास, आणि सणावारी भेटणारे आई-वडील.

म्हणून हा चित्रपट नुसता विनोदी म्हणून बघू नका. बघून झाला की घरातल्या मोठ्यांना एवढंच विचारा : तुमच्या खोलीत रात्री कोण कुठे झोपायचं? हा इतिहास कुठल्याही दप्तरात नोंदलेला नाही, आणि सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.